एलएम७५ चा अलार्म एकदा वाजला की थांबतच नाही, आणि दुसऱ्या सेन्सरची मर्यादा आपोआप बदलते (बल्क मिल्क कूलर)

बीएमसीवाला

नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरसाठी एक छोटा कंट्रोलर बनवतोय, बोर्डवर लिनक्स आहे. आय२सी बसवर (चिपा बोर्डाशी जोडणारी दोन तारांची लाइन) दोन तापमान सेन्सर, दोन्ही एलएम७५ जातीचे. हेक्स ४८ पत्त्यावरचा टाकीच्या थर्मोवेलमध्ये (टाकीत बसवलेली सेन्सरची नळी) आणि हेक्स ४९ वाला पॅनलमध्ये कॉन्टॅक्टरच्या वर. टाकीवाल्याचा ओएस पिन (मर्यादा ओलांडली की चिप स्वतः चालू करते तो) ट्रान्झिस्टरमधून थेट भोंग्याला दिलाय, म्हणजे बोर्ड हँग झाला तरी चिप स्वतःच बोंबलेल असा विचार.

ड्रायव्हर कर्नलमधलाच, स्वतः काही लिहिलेलं नाही. बूट होताना स्क्रिप्ट टेम्प१_मॅक्स मध्ये ८००० आणि टेम्प१_मॅक्स_हिस्ट मध्ये २००० टाकते, म्हणजे ८ डिग्रीला वाजायला पाहिजे आणि २ डिग्री खाली आलं की बंद. (फाइलींची नावं मराठीत टाइप करतोय, सांभाळून घ्या.)

आता त्रास असा.

एक, संध्याकाळी दूध ओतलं की तापमान ८ च्या वर जातं, भोंगा वाजतो, इथवर बरोबर. पण दूध परत ४ ला आलं तरी भोंगा चालूच. केंद्रावरचा पोरगा मग बोर्डाची विजेची पिनच काढतो आणि परत लावतो.

दोन, पॅनलच्या सेन्सरला मी मॅक्स ५५ दिलंय. सकाळी वाचलं तर ४५ दिसतं आणि दुपारी वाचलं तर ७०. आमची कुठलीच स्क्रिप्ट ४५ किंवा ७० लिहीत नाही, सगळीकडे ग्रेप मारून (शोधून) झालं.

तीन, टाकी १२ डिग्रीला असताना सुद्धा सेन्सर्स कमांड (लिनक्सवर सेन्सरचे आकडे दाखवणारी) नुसता आकडा दाखवते, पुढे अलार्म असं काही येत नाही.

कोणाला काही कल्पना?

अर्धवट_इंजिनियर

ड्रायव्हरला मारा गोळी. आय२सीसेट ने सरळ रजिस्टर ३ मध्ये (अलार्म चालू व्हायची मर्यादा) हेक्स ०८०० लिहा वर्ड मोडमध्ये आणि रजिस्टर २ मध्ये (बंद व्हायची) हेक्स ०६००. मी नेहमी असंच करतो.

हेक्सोबा

अर्धवट, नेहमी असंच करत असशील तर तुझे अलार्म नेहमी चालूच असतील बघ :)

एसएमबसच्या (आय२सीवर बोलायच्या नियमांच्या) वर्डमध्ये खालचा बाइट आधी जातो, एलएम७५ ला वरचा बाइट आधी हवा असतो. तू हेक्स ०८०० लिहिलंस की चिपला आधी शून्य मिळतं आणि मग ८. दुसऱ्या बाइटमधला फक्त सगळ्यात वरचा बिट ती बघते (९ बिटची चिप, अर्ध्या डिग्रीची पायरी), तो शून्य, म्हणजे मर्यादा झाली शून्य डिग्री. दूध ४ ला असलं तरी ते शून्याच्या वरच. हवं होतं हेक्स ०००८. ड्रायव्हर हे बाइट उलटवायचं काम स्वतः करतो म्हणून तो वापरायचा. आणि ड्रायव्हर चिकटलेला असताना आय२सीसेट मुळात डिव्हाइस बिझी म्हणून नकार देतं, तू एफ फ्लॅग लावून घुसवलं असशील. ड्रायव्हर मर्यादांची रजिस्टरं कॅशमध्ये ठेवतो, त्यामुळे मागच्या दाराने बदललं तर सिसएफएस मध्ये (टेम्प१_मॅक्स वगैरे फाइली असतात ती जागा) जुनाच आकडा दिसत राहतो आणि चिप भलतंच करत असते.

आता बीएमसीवाले, तुमचा पहिला प्रश्न. सेन्सर्स कमांडचा आउटपुट जसाच्या तसा टाका बरं इथे, कंसातल्या आकड्यांसकट.

बीएमसीवाला

टाकी: टेम्प१: +४.५, कंसात हाय = +८.०, हिस्ट = +२.०
पॅनल: टेम्प१: +३८.०, कंसात हाय = +४५.०, हिस्ट = +५०.०

हेक्सोबा

झालं. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. हिस्ट = +२.० म्हणजे "दोन डिग्रीचा फरक" नाही, "दोन डिग्री सेल्सिअसला बंद हो". एचडब्ल्यूमॉनच्या (कर्नलचा सेन्सर विभाग) सिसएफएस नियमात स्पष्ट लिहिलंय की हिस्टेरेसिस (हिस्ट, अलार्म परत बंद व्हायची पातळी) हे प्रत्यक्ष तापमान म्हणून द्यायचं, मॅक्सपासूनचा फरक म्हणून नाही. एलएम७५ च्या आत सुद्धा तसंच आहे, टीओएस आणि टीहिस्ट अशी दोन स्वतंत्र रजिस्टरं. वर जाताना टीओएस ओलांडलं की पिन चालू, आणि खाली येताना टीहिस्टच्या खाली गेल्याशिवाय बंद नाही. तुमचं दूध ४ ला थांबतं, २ च्या खाली ते जाणारच नाही आणि जायलाही नको. मग भोंगा कसा थांबेल?

तिथे ६००० लिहा. पिन काढून लावल्यावर का थांबतो ते पण कळलं असेल: वीज गेली की चिप मूळ मर्यादांवर येते, ८० आणि ७५ डिग्री. म्हणजे तो पोरगा प्रत्येक वेळी अलार्म ८० डिग्रीवर नेऊन ठेवतो. बूट पूर्ण होऊन तुमची स्क्रिप्ट चालेपर्यंत टाकीवर पहारा कोणाचाच नाही.

पुलअप

एकक पण बघा. सिसएफएस मध्ये मिलीडिग्री, म्हणजे ८ डिग्रीला ८०००. सेन्सर्सच्या कॉन्फ फाइलमध्ये सेट ओळीत मात्र सरळ डिग्री, म्हणजे ८. उलटसुलट झालं तर सिसएफएस मध्ये ८ लिहिल्यावर ते ०.००८ डिग्री होतं आणि राउंड होऊन शून्य. एरर येत नाही. उलट बाजूने कॉन्फमध्ये ८००० टाकलं तर ड्रायव्हर ते चिपच्या कमाल मर्यादेवर दाबतो, १२५ वर. त्यालाही एरर नाही, कारण तापमानासारखी सलग संख्या रेंजबाहेर असली तर नाकारायची नाही, जवळच्या टोकाला आणायची असाच एचडब्ल्यूमॉनचा शिरस्ता आहे. म्हणून लिहिल्यावर परत वाचून बघणं हाच एक उपाय.

बीएमसीवाला

६००० केलं, भोंगा वेळेवर थांबला. धन्यवाद हेक्सोबा. पण मग एक सांगा, पॅनलवाल्याच्या डिव्हाइस ट्रीत (बोर्डावर काय जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल) बोर्डवाल्यांनी हिस्टेरेसिस = २००० असं लिहिलंय, ट्रिप (पंखा चालू व्हायचं तापमान) ४५००० ला. तिथे पण तोच घोळ आहे का, २ डिग्रीला फॅन बंद होणार?

पॅचवाला

थांबा थांबा, ट्रिप म्हणालात? हाच तुमचा दुसरा प्रश्न आहे. डिव्हाइस ट्रीतला तो थर्मल झोनचा (तापमान बघून कर्नल पंखा चालवतो ती व्यवस्था) तुकडा पूर्ण टाका.

बीएमसीवाला

पॅनल_थर्मल नावाचा झोन आहे, थर्मल सेन्सर म्हणून हेक्स ४९ वाला जोडलाय. दोन ट्रिप: पहिली ४५०००, प्रकार ॲक्टिव्ह, हिस्टेरेसिस २०००. दुसरी ७००००, प्रकार पॅसिव्ह, हिस्टेरेसिस ५०००. कूलिंग मॅपमध्ये पॅनलचा पंखा. हे आम्ही लिहिलेलं नाही, बोर्डाच्या नमुना फाइलमध्ये आलं.

पॅचवाला

मग चोर सापडला. आधी हिस्टेरेसिसचं: थर्मल झोनमधलं हिस्टेरेसिस हे *फरकाने* असतं. ४५ ला पंखा चालू, ४३ ला बंद. म्हणजे एकाच कर्नलमध्ये, एकाच सेन्सरसाठी, एका फाइलमध्ये फरक आणि दुसऱ्या फाइलमध्ये प्रत्यक्ष तापमान. दोन वेगळ्या लोकांनी वेगळ्या काळात वेगळ्या कामासाठी केलेल्या गोष्टी आहेत, भांडून उपयोग नाही, लक्षात ठेवा.

आता मॅक्स कोण बदलतं. एलएम७५ चा ड्रायव्हर एचडब्ल्यूमॉन कोरला सांगतो की मला थर्मल झोन म्हणून पण नोंदव. डिव्हाइस ट्रीत त्या सेन्सरचा झोन असेल तर कोर ते करतो. आणि २०२१ च्या सुमारास एचडब्ल्यूमॉन कोरमध्ये एक सोय आली: थर्मल कोर जेव्हा म्हणतो की सध्याच्या तापमानाच्या वरची ट्रिप ही आणि खालची ट्रिप ही, तेव्हा एचडब्ल्यूमॉन कोर ते आकडे सेन्सरच्या मिन आणि मॅक्समध्ये लिहून टाकतो, ड्रायव्हरकडे त्या फाइली असतील तर. हेतू चांगला आहे, इंटरप्ट असलेल्या चिपला सारखं विचारत बसावं लागू नये म्हणून.

तुमच्याकडे काय होतं बघा. सकाळी पॅनल ३८ ला, वरची ट्रिप ४५, मॅक्स झालं ४५. दुपारी ४५ ओलांडलं, आता वरची ट्रिप ७०, मॅक्स झालं ७०. रात्री ४३ च्या खाली आलं, परत ४५. तुमचे ५५ बूटला लिहिले जातात खरे, पण पहिल्यांदा ट्रिप ओलांडली की गेले. आणि कधी ७० च्या वर गेलं तर वर ट्रिपच उरत नाही, थर्मल कोर अफाट मोठा आकडा देतो, तो दाबला जाऊन १२५ होतो. म्हणजे पॅनल सगळ्यात जास्त तापलेलं असताना मॅक्स सगळ्यात वर!

टाकीच्या सेन्सरला झोन नाही म्हणून तिथे ८ टिकून आहे.

अर्धवट_इंजिनियर

हे तर बगच झालं ना? युजरने लिहिलेलं कर्नल कसं काय पुसतं?

पॅचवाला

बग म्हणता येईल, डिझाइन पण म्हणता येईल. एका रजिस्टरचे दोन मालक झालेत. झोन जोडलेला असला की मर्यादेचा मालक थर्मल कोर असं धरून चाला.

बीएमसीवाले, तुमच्यापुढे दोन रस्ते. एकतर झोन काढा आणि पंखा स्वतःच्या प्रोग्रामने चालवा. नाहीतर झोन ठेवा आणि त्याच झोनमध्ये ५५ ला तिसरी ट्रिप टाका, ती ओलांडल्याची खबर थर्मलच्या नेटलिंकवर येते ती ऐका. मी दुसरा घेईन, कारण प्रोग्राम मेला तरी पंखा कर्नल फिरवतो. फक्त एक, त्या ट्रिपचा प्रकार चुकूनही क्रिटिकल देऊ नका. क्रिटिकल म्हणजे कर्नल मशीन बंद करायला घेतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पॅनल ५५ ला सहज जाईल आणि भर दुपारी बोर्ड शट डाउन.

आणि तुमच्या पॅनलचं सध्याचं हाय ४५, हिस्ट ५० असं दिसतंय, म्हणजे बंद व्हायची पातळी चालू व्हायच्या पातळीच्या वर. कोर फक्त मॅक्स लिहितो, हिस्टला हात लावत नाही, ड्रायव्हर पण तपासत नाही. त्या चिपच्या ओएस पिनला काही जोडलेलं नाही ना? मग सोडून द्या.

डेअरीतले_काका

मी सॉफ्टवेअरवाला नाही, पस्तीस वर्षं प्लांटवर काढली. एक विचारतो. हा भोंगा ८ ला वाजतो म्हणता, पण दूध येतं तेव्हा ते तीसच्या पुढे असतं. सकाळी टाकी रिकामी असेल तर पहिल्या कॅनपासून भोंगा वाजणार. संध्याकाळी आधीच्या थंड दुधात ओतलं तरी आठच्या वर जाणारच, ते व्हायलाच पाहिजे. बल्क कूलरच्या आयएसओ ५७०८ मध्ये वर्ग दोनच्या टाकीला ३५ वरून ४ वर यायला तीन तास धरलेत. म्हणजे कूलर ठणठणीत चालत असताना रोज दोन वेळा दोन-तीन तास तुमचा भोंगा वाजणार. तो पोरगा पिन काढतो यात त्याचं काही चुकत नाही. आमच्याकडे एका केंद्रावर भोंग्यात फडक्याचा बोळा कोंबलेला मी काढलाय, आणि तो बोळा चांगला दाबून बसवलेला होता.

बीएमसीवाला

काका अगदी बरोबर. सध्या संकलनाच्या वेळी भोंगा बंद ठेवायचा स्विच द्यायचा विचार होता.

डेअरीतले_काका

स्विच देऊ नका. बंद केलेला स्विच परत चालू करायची आठवण कोणाला राहते. फॅट-एसएनएफ लावायचं, पावत्या द्यायच्या, गर्दीत कोण बघतं.

शीतसाखळी

लसींच्या फ्रिजचं काम करतो, आमच्याकडे हा प्रश्न केव्हाच सोडवलेला आहे. लसीला २ ते ८ डिग्री पाहिजे, पण ८ ओलांडलं की लगेच अलार्म नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाचे जे तीस दिवसांचे लॉगर येतात ते ८ च्या वर सलग १० तास राहिलं तर गरमचा अलार्म देतात, आणि उणे ०.५ किंवा त्याखाली सलग ६० मिनिटं राहिलं तर गोठण्याचा. दोन्हीकडे वेळ वेगळा, कारण नुकसान वेगळ्या वेगाने होतं. हेपॅटायटिस बी, पेंटाव्हॅलेंट या लसी एकदा गोठल्या की संपल्या, गरमीत मात्र थोडा वेळ तग धरतात.

दुधाला आकडे वेगळे असतील, पण सांगायचं हे की मर्यादेला तापमान आणि वेळ दोन्ही लागतात.

अर्धवट_इंजिनियर

मग फॉल्ट क्यू वापरा ना! एलएम७५ मध्ये फॉल्ट क्यू आहे की, इतक्या वेळा सलग वर आलं तरच पिन चालू.

हेक्सोबा

या वेळी अर्धं बरोबर. फॉल्ट क्यू आहे, पण १, २, ४ किंवा ६ एवढेच पर्याय. एक मोजमाप साधारण १०० मिलिसेकंदाचं, म्हणजे सहा वेळा म्हटलं तरी जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. तो कॉन्टॅक्टर ओढल्यावर जो विजेचा खडखडाट येतो त्याने एखादं रीडिंग उडालं तर ते गाळायला आहे, तीन तासांसाठी नाही. आणि लिनक्सचा ड्रायव्हर तो सिसएफएस मधून देतही नाही.

पुलअप

मोड पण विचारात घ्या. कंपॅरेटर मोडमध्ये पिन तापमानाबरोबर चालते. इंटरप्ट मोडमध्ये कुठलंही रजिस्टर वाचलं की पिन सुटते, आणि मग तापमान टीहिस्टच्या खाली जाईपर्यंत परत लागत नाही. तुमचा प्रोग्राम दर सेकंदाला वाचत असेल तर भोंगा एकदा "टुक" करून गप्प. भोंगा थेट पिनवर असेल तर कंपॅरेटरच ठेवा, चिप सुरू होताना त्यातच असते.

बाकी थर्मोवेलपर्यंत वायर किती लांब आहे?

बीएमसीवाला

अडीच-तीन मीटर. शील्डेड केबल आहे.

पुलअप

हं. आय२सी बसला ४०० पिकोफॅरडची मर्यादा आहे, तीन मीटर शील्डेड केबल त्यातला बराच भाग खाते. क्लॉक १०० किलोहर्ट्झच्या खाली आणा, पुलअप रेझिस्टर थोडे कमी ओहमचे लावा. कंप्रेसर चालू होताना रीड फेल होतात का लॉगमध्ये बघा.

दुसरं म्हणजे अचूकता. साध्या एलएम७५ ला उणे २५ ते १०० मध्ये दोन डिग्री इकडेतिकडे चालतं. ४ म्हणते तेव्हा दूध २ पण असेल आणि ६ पण. दुधाच्या कामाला ही चिप मला तरी पटत नाही, पॅनलला ठीक आहे. टाकीला एमसीपी९८०८ बघा, उणे २० ते १०० मध्ये जास्तीत जास्त अर्धी डिग्री. नाहीतर वायर लांब आहेच तर डीएस१८बी२०, तीही अर्ध्या डिग्रीची, आणि स्टीलच्या टोपीत तयार मिळते.

अर्धवट_इंजिनियर

डीएस१८बी२० मध्ये अलार्म कुठे असतो?

पुलअप

असतो रे. टीएच आणि टीएल, एकेक बाइट, फक्त पूर्ण डिग्री. हिस्टेरेसिस वगैरे नाही. पिन पण नाही, मास्टरने "अलार्ममधले कोण आहेत" अशी वेगळी शोध कमांड पाठवायची, मग जे मर्यादेबाहेर आहेत तेवढेच उत्तर देतात. एका वायरवर वीस सेन्सर असतील तर छान आहे. मोठा फायदा म्हणजे या मर्यादा ईईप्रॉममध्ये जतन करता येतात, वीज गेली तरी राहतात. लिनक्सच्या डब्ल्यू१_थर्म ड्रायव्हरमध्ये अलार्म्स नावाची फाइल आहे, त्यात दोन्ही आकडे लिहायचे, आणि कायमचे हवे असतील तर ईईप्रॉमच्या फाइलीत सेव्ह म्हणायचं. ते विसरलात तर आकडे फक्त स्क्रॅचपॅडमध्ये, वीज गेली की गेले.

आणि वीज आल्यावर मोजमाप न करता वाचलं तर ८५ डिग्री सांगते, तो तिचा सुरुवातीचा आकडा आहे. लाइट येते-जाते तिथे ८५ दिसल्यावर पहिल्या फटक्यात अलार्म देऊ नका.

पॅचवाला

एमसीपी९८०८ घेतलात तर जेसी४२ चा ड्रायव्हर लागेल, आणि तिथे सगळं वेगळं. पत्ता हेक्स १८ पासून. मिन, मॅक्स, क्रिट (क्रिटिकल) तिन्ही मर्यादा आहेत आणि तिन्हीचा अलार्म बिट तापमानाच्या रजिस्टरमध्येच येतो, त्यामुळे सेन्सर्स कमांडमध्ये अलार्म शब्द दिसेल. हाच तुमचा तिसरा प्रश्न होता. साध्या एलएम७५ च्या आत असा बिटच नाही, म्हणून ड्रायव्हर फाइल देत नाही, आणि सेन्सर्स कमांड स्वतः आकड्यांची तुलना करत नाही.

पण हिस्टेरेसिस तिथे चारच: ०, १.५, ३ आणि ६ डिग्री, चिपच्या आत फरकाने, आणि सगळ्या मर्यादांना मिळून एकच. ड्रायव्हर तुम्हाला तो प्रत्यक्ष तापमान म्हणून दाखवतो. लिहिता येतो फक्त क्रिट_हिस्ट मधून, बाकीचे वाचायचेच. म्हणून क्रम: आधी क्रिट लिहा, मग क्रिट_हिस्ट. उलटं केलंत तर फरक जुन्या क्रिटपासून मोजला जातो. वीज आल्यावर तिन्ही मर्यादा शून्य असतात आणि अलर्ट पिन बंद असतो, तो चालू करायला कॉन्फिग रजिस्टरमधला बिट ३ लागतो.

अजून एक. या घराण्याच्या चिपमध्ये मर्यादांना कुलूप लावायचे बिट असतात. एकदा लावले की वीज काढल्याशिवाय निघत नाहीत, आणि ड्रायव्हर मग त्या फाइली फक्त वाचायला देतो. मेमरी मॉड्यूलवरच्या सेन्सरला बायोस असं करून ठेवतो, तिथे परमिशन डिनाइड आलं तर सुडोवर राग काढू नका.

रात्रपाळी

एवढं सगळं करण्यापेक्षा बाजारातला तयार टेम्परेचर कंट्रोलर लावा, हजार-पंधराशेत येतो, त्याच्यावर सेट पॉइंट आणि डिफरन्शियल अशी दोन बटणं. काम तमाम.

बीएमसीवाला

तो आहेच, कंप्रेसर तोच चालवतो. आमचा बोर्ड फक्त लक्ष ठेवतो आणि सुपरवायझरला मेसेज करतो. टँकर यायच्या आधी रात्री दोनला कंप्रेसर बसला तर सकाळी सगळं दूध फुटलेलं असतं, ते वाचवायचंय. तुम्ही म्हणता त्या कंट्रोलरचं डिफरन्शियल मात्र फरकाने असतं, म्हणून तर मी इथे पण तसंच धरलं होतं.

हेक्सोबा

मग मी असं सुचवेन. चिपची मर्यादा आणि माणसाला उठवायची मर्यादा वेगळी करा. भोंगा पिनवरून काढून बोर्डाच्या जीपीआयओने (प्रोग्रामने चालू-बंद करायची पिन) चालवा, निर्णय वरच्या प्रोग्रामला घेऊ दे. त्यात दोन नियम:

कंप्रेसर चालू आहे, तापमान ४ च्या वर आहे, पण उतरतंय. गप्प बस.
कंप्रेसर चालू असून वीस मिनिटांत अर्धी डिग्री सुद्धा उतरलं नाही, किंवा दूध ओतणं थांबून तीन तास झाले तरी ४ ला आलं नाही. उठव सगळ्यांना.

पहिल्या नियमामुळे संकलनाच्या वेळचा रोजचा भोंगा जातो. दुसऱ्यामुळे गॅस कमी झालेला किंवा कंडेन्सर धुळीने भरलेला लवकर कळतो, ८ ची वाट बघायची गरजच नाही. वीस मिनिटं हा माझा अंदाज, टाकी किती भरली त्यावर कमीजास्त होईल, आठवडाभर लॉग काढून ठरवा.

डेअरीतले_काका

हे पटलं. ढवळणी चालू आहे का ते पण बघा त्याच्यात. ढवळणी बंद असेल तर तळाला बर्फ धरतो आणि वर दूध कोमट राहतं. थर्मोवेल खालच्या बाजूला असतं, ते थंडच दाखवणार. दूध उणे अर्ध्या डिग्रीच्या आसपास गोठतं, तेव्हा खालची पण मर्यादा पाहिजे.

बीएमसीवाला

खालची मर्यादा एलएम७५ मध्ये देता येईल का? टीहिस्टलाच १ डिग्री देऊन, इंटरप्ट मोडमध्ये?

हेक्सोबा

बऱ्याच जणांना हे सुचतं. चालत नाही, कारण खालचा इंटरप्ट फक्त एकदा वरची मर्यादा ओलांडून गेल्यावरच येतो. टाकी ४ वरून सरळ ० ला गेली तर चिप काहीच बोलणार नाही. खालच्या मर्यादेला मिन असलेली चिप घ्या किंवा प्रोग्राममध्ये बघा. तुमचा प्रोग्राम वाचतोच आहे तर तिथेच.

पॅचवाला

हेक्सोबांशी सहमत, फक्त एक गोष्ट नाही पटली. चिपची पिन पूर्ण मोकळी सोडू नका. प्रोग्राम किंवा बोर्ड लटकला तर सांगणारं कोणी उरत नाही, आणि बीएमसीवाल्यांनी मूळ विचार तोच केला होता, तो चांगला होता. पिनला वेगळा छोटा बझर द्या आणि तिची मर्यादा अशी ठेवा की रोजच्या संकलनात ती लागणार नाही.

डेअरीतले_काका

रिकाम्या टाकीत सकाळचं पहिलं दूध पडलं की ३० दिसणार. त्याच्या वर मर्यादा ठेवून काय उपयोग?

पॅचवाला

हो, ते खरं. मग बोर्डाला हार्डवेअर वॉचडॉग (बोर्ड लटकला की रीसेट करणारा) लावा आणि जिवंत असल्याचा मेसेज दर तासाला सर्व्हरला. मेसेज आला नाही की सर्व्हर फोन करेल. पिनचा माझा मुद्दा मागे.

बीएमसीवाला

सगळ्यांचे आभार. आत्तापर्यंत केलेलं: पॅनलच्या झोनमध्ये ५५ ची ट्रिप टाकली, पॅसिव्ह प्रकारची, आणि मॅक्समध्ये लिहिणं बंद केलं. टाकीला एमसीपी९८०८ मागवली, केबल कापून सव्वा मीटरवर आणली, बोर्ड टाकीच्या पायाशी सरकवला. भोंग्याचे नियम हेक्सोबांनी सांगितले तसे, ढवळणीच्या करंटचा इनपुट काकांच्या सांगण्यावरून वाढवला.

एक राहिलं. मर्यादा आता सेन्सर्सच्या कॉन्फमध्ये ठेवल्यात आणि बूटला सेन्सर्स कमांडची एस फ्लॅगवाली सर्व्हिस (कॉन्फमधल्या मर्यादा चिपवर लिहिणारी) चालते, पण दर काही बूटनंतर एखाद्या वेळी मर्यादा बसतच नाहीत. सर्व्हिस हिरवी दाखवते.

पुलअप

सर्व्हिस आधी चालते, ड्रायव्हर मागून येतो. मॉड्यूल उशिरा लोड झालं की तोवर सेट करायला चिपच नसते. यूडेव्हचा नियम लिहा, एचडब्ल्यूमॉन डिव्हाइस ॲड झालं की तेव्हा मर्यादा लिहायच्या. आणि एचडब्ल्यूमॉन० की १ या नंबरावर विसंबू नका, बूटगणिक बदलतो, नेम फाइल वाचून शोधा. नवी चिप आल्यावर नाव बदलेल, जेसी४२ असं येईल, कॉन्फमधली चिपची ओळ पण बदला.

बीएमसीवाला

यूडेव्हने झालं. दहा वेळा पॉवर काढून-लावून बघितलं, दरवेळी बसतंय. चिप गुरुवारी येतेय, मग क्रिट आणि क्रिट_हिस्टचे आकडे टाकतो इथे, कोणीतरी एकदा नजर टाका.

डेअरीतले_काका

आकडे टाकताना टाकीत नुसतं पाणी भरून एकदा ढवळणी बंद ठेवून पण बघा, आणि वरून काचेचा थर्मामीटर सोडा. दोन्हीकडचा फरक लिहून ठेवा.